बाकीच्यांचे हात

पंजेबाबाने मेणाचा पंजा हळूच सोलून काढला, उताणा करून पांढऱ्या ताटात ठेवला, आणि हार्डवेअरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीने उभी असलेली दीड-दोनशे माणसं चिडीचूप झाली. मागे कुणीतरी खोकत होतं, त्यालाही शेजारच्याने कोपर मारून गप्प केलं.

"तोंड खोटं बोलतं," बाबा म्हणाला. "जीभ काय, वळेल तशी वळते. डोळ्यांचा तर भरवसाच नाही. पण हात, लेकरांनो, हात कधी खोटं बोलत नाही. गोळी झाडणाऱ्याच्या हाताला पापाचा धूर चिकटतो. साबणाने जात नाही, सोड्याने जात नाही, शंभर आंघोळी केल्या तरी जात नाही. त्याला ओळखतं फक्त माझं मेण, आणि त्याला वाचा फोडतं हे सत्यजल."

सत्यजल जाड काचेच्या तपकिरी बाटलीत होतं. बाबाने ड्रॉपर बुडवला आणि मेणाच्या पंजाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या बेचक्यात, एक थेंब सोडला. मग दुसरा, मग तिसरा. क्षणभर काहीच झालं नाही. मग थेंबाखाली निळा ठिपका उमटला, शाईसारखा गडद. बघता बघता पाच-सहा ठिपके झाले. "अगं बाई," असं कुणीतरी पुटपुटलं आणि पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. एक थेंब चुकून टेबलावरच्या कापडावर पडला, तिथलं कापड तपकिरी होऊन विरलं. लोकांनी तोही चमत्कारातच जमा केला. ज्या सत्याने कापडाला भोक पडतं ते किती कडक असेल, असा त्यांचा हिशेब असावा.

पंजा ज्याच्या हाताचा होता तो नर्सरीतला माळी टेबलाशेजारी उभा होता. गरम मेणाने त्याचा हात लालसर झाला होता. हात उलटसुलट करून तो बघत होता.

"मी कुणाला काही केलं नाही," तो म्हणाला.

"आता हात बोलला ना?" दुकानदाराचा मेहुणा म्हणाला. "मग तू कशाला बोलतोस?"

पाच दिवसांपूर्वी संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना दुकानदाराच्या खांद्यात गोळी लागली होती. झाडणारा पळून गेला. दुकानदार वाचला, पण दवाखान्यात पडून होता. पोलिसांची चौकशी पोलिसांच्या चालीने चालली होती, आणि मेहुण्याला काही तेवढा धीर नव्हता. त्याने पंजेबाबाला आणलं आणि दुकानदाराशी कधी ना कधी वाजलेल्या सात जणांना बाकावर बसवलं. माळ्याचं आणि दुकानदाराचं महिन्यापूर्वी हातगाडीखाली फुटलेल्या कुंड्यांवरून भांडण झालं होतं, म्हणून त्याचा नंबर पहिला. त्याचा पंजा निळा निघाल्यावर बाकीचे सहा जण पँटी झटकत उठले आणि सुटलो एकदाचे अशा चेहऱ्याने गर्दीत मिसळले. त्यांच्या हाताकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. चोर सापडल्यावर बाकीच्यांची झडती घेतो कोण?

"उद्या चार वाजता सगळ्यांनी इथंच जमायचं," मेहुण्याने जाहीर केलं. "पंजा आणि सह्यांचं पत्रक घेऊन चौकीवर जाऊ. आणि याची खोली आजच रिकामी झाली पाहिजे."

"कामावरही येऊ नकोस रे बाबा," गर्दीतून नर्सरीचा मालक म्हणाला. साध्या कपड्यातला एक हवालदारही तिथे उभा होता. तो माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाला, "आमचे अहवाल यायला महिने लागतात. इथं बघा, पंधरा मिनिटांत निकाल."

इतक्यात बाबाने मान वर केली, त्याची आणि माझी नजरानजर झाली. दाढी वाढली होती, शाल आली होती, आवाजाला वजन आलं होतं, पण डोळे तेच होते. त्याने मला ओळखलं आणि अगदी बारीकसं हसून मान लववली.

मी तिथून निघालो. निघालो कसला, पळालो.

आता मी कोण ते सांगतो, कारण त्याशिवाय माझं पळणं कळायचं नाही. गुन्ह्यांच्या तपासासाठी सरकारी प्रयोगशाळा असते, तिथे मी एकोणतीस वर्षं रासायनिक परीक्षक होतो. पंजेबाबा तिथला परिचर. मेणाचं पातेलं शेगडीवर ठेवायचं, मेण ना फार गरम ना फार गार असं राखायचं, हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला पातेलं म्हणायचे. मीही म्हणायचो. त्याला ते आवडत नसे, पण परिचराला काय आवडतं हे विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

शेडमध्ये त्याने जे केलं ती आमचीच चाचणी होती. मेण तेच, बाटली तीच, ठिपके तेच. आम्ही फक्त पापाचा धूर म्हणत नव्हतो, एवढाच फरक.

घरी आलो तेव्हा आमची ही भाजी निवडत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, काय झालं? तोंड का असं उतरलंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, माळ्याचं नावही घेतलं, कारण तो दर आठवड्याला आमच्या गच्चीतल्या कुंड्यांची माती बदलायला येतो. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हणजे ते थोतांड आहे हे तुम्हाला तिथंच कळलं होतं?"

"कळलं होतं."

"आणि तुम्ही मूग गिळून परत आलात?"

"तुला वाटतं तितकं सोपं नाही ते."

"काय सोपं नाही? तोंड उघडायचं आणि बोलायचं. घरात तर मीठ कमी पडलं तरी अर्धा तास बोलता."

तिचं बरोबर होतं. मी उभ्या आयुष्यात बाबा-बुवांच्या नावाने खडे फोडले. शेजारणीने मुलाचा ताप उतरवायला मंतरलेलं पाणी आणलं तेव्हा मी तिला दारातच इतकं झापलं की ती सहा महिने आमच्याकडे फिरकली नाही. आणि आज एक निरपराध माणूस समोर उभा असताना माझी दातखीळ बसली. कारण पातेल्याला खोटं पाडायचं तर आधी मला स्वतःला खोटं पाडावं लागणार होतं.

तेवीस वर्षांपूर्वी खताच्या गोदामातल्या एका हमालाच्या हाताचा मेणाचा पंजा माझ्या टेबलावर आला होता. गोदामाच्या कारकुनावर कुणीतरी गोळी झाडली होती आणि कारकून मेला होता. मी थेंब टाकले. पंजा इतका निळा झाला की दौत सांडल्यासारखा दिसला. 'आरोपीच्या हातावर बंदुकीच्या दारूचे अंश आढळले,' असं मी लिहिलं, सही केली, कोर्टात जाऊन शपथेवर तेच सांगितलं. वकिलाने विचारलं, "खात्री आहे?" मी म्हणालो, "पूर्ण." मला त्या 'पूर्ण'चा अभिमान वाटला होता, घरी येऊन मी हिला तो प्रसंग नक्कल करून सांगितला होता. हमालाला शिक्षा झाली. साक्षीदार एकच होता, तोही पाठमोरा माणूस पाहिल्याचं सांगणारा. निकाल उभा राहिला तो माझ्या पंजावर.

त्यानंतर तीन वर्षांनी वरून परिपत्रक आलं. ही चाचणी विश्वासार्ह नाही, ती तात्काळ बंद करावी, एवढंच. आम्ही बंद केली. या चाचणीवर आत गेलेल्यांचं काय, हे परिपत्रकात नव्हतं. मी वाचलं, खाली सही केली आणि फाइलला लावलं. मला वाटलं, साहेब बघतील. साहेबांना वाटलं असेल, कोर्ट बघेल. कोर्टाला कुणी कळवलंच नाही. मोडीत काढलेल्या बाटल्या आणि पातेली बाहेर पडली होती. पातेल्याने विचारलं, "नेऊ का साहेब?" मी म्हणालो, "ने बाबा, आम्हाला आता काय उपयोग." विषारी सामान असं कुणाला देत नाहीत, पण मला ते सगळं डोळ्यांसमोरून जायला हवं होतं. तर पंजेबाबाचं दुकान माझ्याच हातून उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता माळ्याची बायको दारात आली. हातात एक मोठी पिशवी आणि गुंडाळलेली गादी. मुलांना बहिणीकडे ठेवून आली होती. मला वाटलं, आता ती माझ्या नावाने रडणार. पण ती रडली नाही. उंबऱ्याशीच उभी राहून म्हणाली, "काका, तुम्ही त्या सरकारी लॅबमध्ये होतात ना? तिथल्या मशिनवर खरं-खोटं कळतं म्हणतात. ह्यांचा हात तुम्ही बघून द्याल?"

"कशाला गं?"

"मला कळू द्या. खरंच ह्यांनी झाडली का."

"तो काय म्हणतो?"

"नाही म्हणतात. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हणतात." ती खाली बघत म्हणाली. "पण काका, निळं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. चौदा वर्षं झाली लग्नाला, कधी कुणावर हात उगारलेला नाही बघितला. तरी कालपासून मी त्यांना सारखी विचारतेय. त्यांनी आता उत्तर द्यायचंच सोडलंय."

हिने तिला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "अजून किती घरं बुडायची वाट बघणार आहात?"

चार वाजता मी शेडमध्ये होतो. ही आणि माळ्याची बायको माझ्या मागे होत्या. गर्दी कालच्यापेक्षा जास्त. माळ्याला लाकडी खोक्यावर बसवलं होतं, दोन्ही बाजूंना दोन धटिंगण. मी माणसं सारत पुढे गेलो. मला वाटलं होतं पातेलं घाबरेल. घाबरतं कसलं? तेच उठून उभं राहिलं आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"या साहेब. लेकरांनो, हे कोण ते माहीत आहे का? हे माझे गुरू. सरकारी प्रयोगशाळेतले मोठे साहेब. ही विद्या मी यांच्या पायाशी बसून शिकलो. यांच्या पंजावर कोर्टाने माणसं आत टाकलीत." मग माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "सांगा साहेब. माझा पंजा खरा की खोटा?"

काय डाव टाकला पठ्ठ्याने. खरा म्हणालो तर माळी गेला. खोटा म्हणालो तर मी गेलो. दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि त्यात एक माळ्याची बायको होती.

"मेण वितळव," मी म्हणालो.

"कुणासाठी?"

"आधी माझ्यासाठी. मी जन्मात बंदुकीला हात लावलेला नाही, फुगे फोडायच्यासुद्धा. हा माझा हात. लाव मेण."

त्याला नाही म्हणता येईना. मेणाचे थर चढले, पंधरा मिनिटं गेली, पंजा सोलला. बाटली मी त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः थेंब टाकले. अंगठ्याजवळ आणि दोन बोटांच्या मध्ये निळे ठिपके उमटले. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"अरे, हे काय? काकांनी झाडली का?" कुणीतरी म्हणालं.

"सकाळपासून मी तीन सिगारेटी ओढल्यात," मी म्हणालो. "आता पुढचा हात. मेहुणे, या."

"माझा कशाला? मी फिर्यादीकडचा माणूस आहे."

"म्हणूनच या. फिर्यादीकडच्यांचा हात कधी कुणी बघत नाही."

"बघू द्या की," मागून लोक म्हणायला लागले. मेहुणा आला. तो एका सिगारेटवर दुसरी पेटवणारा माणूस, त्याचा पंजा माळ्यापेक्षा निळा निघाला. त्याने तो ताटातून उचलून खिशात घालायला बघितला, तेव्हा पहिल्यांदा लोक हसले. मग दवाखान्यात फरशी पुसणारी बाई आपणहून पुढे आली, दिवसभर तिचे हात ब्लीचिंगच्या पाण्यात. तिचाही पंजा निळा. मग मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी हात पुढे केला. त्यांच्या पंजावर एकही ठिपका आला नाही.

"बाई सुटल्या," एकजण म्हणाला.

"सुटल्या नाहीत," मी म्हणालो. "या मेणाने जसं कुणी अडकत नाही तसं कुणी सुटतही नाही. बाईंनी झाडली असती तरी त्यांचा पंजा असाच कोरा निघू शकला असता."

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "गोळी झाडून सहा दिवस झाले. मी दिवसातून दहा वेळा हात धुते. इतके दिवस हातावर राहतं तरी काय?"

हा प्रश्न तेवीस वर्षांपूर्वी मला कुणी विचारला असता तर. पण दुसऱ्याने विचारायची वाट का बघायची? विचारायचा पगार मला मिळत होता.

"काही राहत नाही," मी म्हणालो. "आता नीट ऐका. या बाटलीत गंधकाचं जहाल आम्ल आहे, त्यात डायफिनिलअमीन नावाची एक पावडर विरघळवलेली आहे. कापड जळलं ते आम्लाने, सत्याने नव्हे. या मिश्रणाला नायट्रेट भेटलं की ते निळं होतं. बंदुकीच्या दारूत नायट्रेट असतं, हे खरं. पण ते खतात असतं. तंबाखूच्या राखेत असतं. पालेभाजीत असतं, मुतात असतं, मातीत असतं. काडेपेटीच्या गुलाने आणि ब्लीचिंग पावडरनेही असाच निळा रंग येतो. हा माळी रोज सकाळी पांढरं खत मुठीने घेऊन रोपांना घालतो. त्याचा हात निळा झाला नसता तरच चमत्कार म्हटला असता."

माळ्याने मान वर केली. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती.

"मग खरा तपास करतात तरी कसा?" हवालदाराने विचारलं. आज त्याचा आवाज बदलला होता.

"गोळी सुटते तेव्हा शिसं, बेरियम आणि अँटिमनी ही तीन द्रव्यं त्या उष्णतेत वाफ होऊन एकत्र गोठतात. त्यांचे डोळ्याला न दिसणारे गोल कण बनतात आणि हातावर, बाहीवर बसतात. ते चिकटपट्टीने उचलून मोठ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तिन्ही द्रव्यं एकाच कणात दिसली तर बोलायचं. पण हात धुतला, खिशात घातला, चेहऱ्यावरून फिरवला, तरी ते गळतात. काही तासच राहतात. आणि सापडले तरी एवढंच म्हणता येतं की हा हात बंदुकीच्या जवळ आला होता, किंवा बंदूक हाताळणाऱ्याला लागला होता. कुणी झाडली ते हात सांगत नाही. ते शोधावं लागतं."

मी बाबाकडे वळलो. "आता तुझा हात दे."

त्याने दोन्ही हात शालीत घेतले. पण तो शेवटपर्यंत पातेलंच होता, मंद आचेवर ठेवलेलं. त्याने गर्दीकडे पाहिलं, आणि आता मला दयामाया दाखवण्यात अर्थ नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"माझा हात तुम्ही बघितलेला आहे, साहेब. आठवतो का? तुमच्या टेबलावर खताच्या गोदामातल्या हमालाचा पंजा होता. मी गमतीने माझ्या हाताला मेण लावलं, थेंब टाकले, निळा झाला. धावत तुमच्याकडे घेऊन आलो. साहेब, बघा, माझाही झाला. तुम्ही काय म्हणालात? आचरटपणा करू नकोस, फेकून दे तो. मी फेकला. तुम्ही अहवालावर सही केली." त्याने शाल घट्ट ओढली. "तुम्ही पांढरा कोट घालून करायचात, मी शाल घेऊन करतो. माझ्या पंजाने अजून कुणी आत गेलेला नाही. तुमच्याने गेला. मग आता तुम्हीच सांगा, भोंदू कोण?"

हे मी हिलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. माझ्या मागे ती उभी होती, मला वळून बघायचं धाडस झालं नाही.

"दोघंही," मी म्हणालो. "पण माझा गुन्हा मोठा. तुला कुणी शिकवलं नव्हतं, मला शिकवलं होतं."

गर्दीतला एक धटिंगण एवढ्यात बाबाची शाल धरून हात उगारायला लागला. काल जे त्याच्या पाया पडत होते तेच आज त्याला तुडवायला निघाले. मी मध्ये पडलो.

"त्याला मारायचं असेल तर आधी मला मारा, माझा नंबर पहिला. नाहीतर दोन शब्द ऐका. तो हमाल नऊ वर्षं तुरुंगात होता. त्याच्याकडे पंजा मागितला, माझ्याकडे मागितला नाही, कारकुनाच्या भावाकडे मागितला नाही, गोदामातल्या दुसऱ्या हमालांकडेही मागितला नाही. मागितला असता तर सगळं गोदाम निळं निघालं असतं. तुम्ही काल तेच केलंत. एक हात निळा झाला आणि सहा जणांना न बघता घरी पाठवलंत. यापुढे कुणीही काहीही सिद्ध करून दाखवलं, शालवाल्याने असो की कोटवाल्याने, तर त्याला एकच विचारा. बाकीच्यांचे हात तपासलेस का? आणि त्याला 'मला माहीत नाही' असं म्हणता येतं का तेही बघा. दुकानदारावर गोळी कुणी झाडली, मला माहीत नाही. हे वाक्य मी कोर्टात म्हणायला हवं होतं."

हवालदाराने बाटली जपून कपड्यात गुंडाळली आणि बाबाला घेऊन गेला. नर्सरीचा मालक माळ्यापाशी आला आणि उद्या लवकर ये, गुलाबांची कलमं करायची आहेत, असं काहीतरी पुटपुटला. माफी मागायचं त्याच्या जिवावर आलं होतं. माळी त्याच्याकडे न बघता बायकोसमोर उभा राहिला. तिने त्याचा तो हात दोन्ही हातांत घेतला आणि तिथेच हुंदके देऊन रडायला लागली. तो म्हणाला, "चल, पोरं वाट बघत असतील." मला कुणी धन्यवाद दिले नाहीत ते बरं झालं, मला ते घेता आले नसते.

घरी जाताना ही एवढंच म्हणाली, "त्या हमालाचा पत्ता आहे का तुमच्याकडे?"

होता. नेहमीच होता. दरवर्षी नवी डायरी आली की मी तो जुन्या डायरीतून उतरवून घ्यायचो, आणि पुढचं पान उलटायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसने तीन तास जाऊन मी त्याच्या दारात उभा राहिलो. दोन खोल्यांचं घर, दारात पोत्यांची चळत. एक वाळलेला म्हातारा खाली बसून दाभणाने फाटकी पोती शिवत होता. मी कोण ते सांगितलं. त्याने दाभण पोत्यात खोचून ठेवलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, खत, मेण, पातेल्याचा पंजा, परिपत्रक. कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन बरोबर नेलं होतं, तेही दाखवलं. त्याने कागदाकडे पाहिलं नाही.

"ते पत्रक कधी आलं म्हणालात?"

"तुम्ही आत गेल्यावर तीन वर्षांनी."

"मी नऊ काढली."

"हो."

त्याने शिवलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मी त्याच्या हाताकडे बघायचं टाळत होतो. शेवटी म्हणाला, "मला सांगून काय उपयोग, साहेब? मला तर आधीपासूनच माहीत होतं. माझ्या मुलीला सांगा. ती सहाला येते."

"तिला माहीत नाही?"

"लहान होती तेव्हा सगळ्यांशी भांडायची, माझ्या बाबांनी नाही केलं म्हणून. मग शिकली, दवाखान्यात नर्स झाली. आता म्हणते, सरकारी लॅबचा रिपोर्ट चुकीचा कसा असेल. चांगली वागते हो. वेळेवर जेवायला देते, गोळ्या देते. पण मी विषय काढला की म्हणते, जाऊ द्या ना बाबा, भोगलीत ना शिक्षा. बसा तुम्ही."

मी बसलो. त्याने पुन्हा दाभण हातात घेतलं. सव्वासहाला ती आली, खांद्याला पर्स, अंगावर पांढरा गणवेश. माझ्याकडे बघून वडिलांना विचारलं, "कोण आलंय?"

"तूच ऐक," तो म्हणाला.

मी उठून उभा राहिलो. "तुमच्या वडिलांच्या हाताचा रिपोर्ट मी लिहिला होता," मी म्हणालो. "त्यांच्या हातावर खत होतं. मी कोर्टात दारू म्हणून सांगितलं. तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नव्हता, आणि हे मला तेव्हाच कळायला हवं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग गोळी कुणी झाडली?"

"मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं."

तिने पर्स खांद्यावरून काढली नाही, चपला काढल्या नाहीत. तशीच जाऊन ती वडिलांसमोर पोत्यांवर बसली.

"बाबा, तुम्ही मला किती वेळा सांगितलंत," ती म्हणाली.

तो पोतं शिवत राहिला. मी निवेदन दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि बाहेर पडलो. मला कुणी थांबवलं नाही, आणि थांबवायचं काही कारणही नव्हतं.